व्यवहार आणि व्रत : नोकराची ठेव

पेढीवर तीस-पस्तीस वर्षे इमानाने काम केलेला मुनीम निवृत्त होतो, तेव्हा त्याला शाल-श्रीफळ देऊन निरोप देण्याची रीत आपल्या समाजात आहे. ती स्तुत्यच आहे. परंतु त्या मुनिमाचे उत्तरायुष्य शालीवर निभत नाही. ते निभते दरमहा नियमाने साठत गेलेल्या रकमेवर. म्हणूनच भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या हिश्शाचे स्वरूप प्रत्येक व्यापारी कुटुंबाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

१९५२ च्या कायद्याने घडलेल्या या व्यवस्थेत वीस वा अधिक माणसे कामाला असलेली आस्थापना येते. दुकान, गोदाम आणि शाखा एकाच आस्थापनेचे भाग असतील, तर तेथील माणसे एकत्र मोजली जातात. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम नोकराच्या पगारातून कापली जाते आणि तितकीच रक्कम मालकाने स्वतःची घालावयाची असते. सप्टेंबर २०१४ पासून यासाठी वेतनाची मर्यादा मासिक १५,००० रुपये आहे.

१५,००० रुपये वेतनाचे उदाहरण घेऊ. नोकराचे १,८०० रुपये पूर्णपणे त्याच्या निधी खात्यात जातात. मालकाच्या १,८०० रुपयांचे मात्र दोन भाग होतात : ८.३३ टक्क्यांप्रमाणे १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेले ५५० रुपये निधी खात्यात. त्यामुळे पासबुकात मालकाचा हिस्सा कमी दिसतो आणि नोकराच्या मनात विनाकारण शंका येते. मालकाने हा हिशेब त्याला एकदा उलगडून सांगावा. किमान दहा वर्षे सेवा झाली असल्यास वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते आणि पश्चात पत्नीलाही त्याचा आधार राहतो. याखेरीज मालक अर्धा टक्का ठेवसंलग्न विम्यासाठी भरतो. नोकरीत असताना मृत्यू ओढवल्यास त्यातून कुटुंबाला कमाल सात लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते.

येथे दोन रकमांमधील भेद लक्षात घ्यावा. मालकाचा हिस्सा हे त्याचे स्वतःचे देणे आहे. तो नोकराच्या पगारातून वसूल करता येत नाही. नोकराचा कापलेला हिस्सा तर मालकाचा कधीच नसतो. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हाच भेद स्पष्ट केला : ती मालकाकडे विश्वासाने आलेली दुसऱ्याची रक्कम होय. दोन्ही हिस्से पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावे लागतात. उशीर झाल्यास व्याज व नुकसानभरपाई द्यावी लागते. कापलेली रक्कम भरलीच नाही, तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो.

जैन श्रावकाला हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘न्यासापहार’ सांगितला आहे. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. हंगामात भांडवल अडले म्हणून पगारातून कापलेले पैसे महिना-दोन महिने माल खरेदीत फिरवणे, हा त्याच वाटेवरचा व्यवहार होय. त्याच सूत्रात ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटे लेख करणे, हाही अतिचार सांगितला आहे. हजेरीपटावर एकोणीसच नावे ठेवणे अथवा निधीचा भार टाळण्यासाठी मूळ वेतन घटवून भत्ते फुगवणे, हे त्याचेच आजचे रूप आहे. सरसकट सर्वांना दिले जाणारे भत्ते निधीच्या हिशेबात धरावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे.

वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानांना कायद्याची सक्ती नाही. तथापि मालक व बहुसंख्य नोकर यांची संमती असल्यास त्यांनाही स्वेच्छेने या योजनेत सामील होता येते. पर्युषणात नोकरांची क्षमा मागताना, त्यांच्या खात्यात मागील बाराही महिन्यांची रक्कम जमा आहे ना, हे प्रत्येक पेढीने एकदा पाहून घ्यावे. दान आपल्या इच्छेने द्यावयाचे असते. निधीतील हिस्सा हे देणे आहे, आणि दानाची गोष्ट देणे फिटल्यानंतरची.