गाडी उचलण्याआधी पाणंद उचला



मागच्या आठवड्यात नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला आमच्याच शिवारातल्या एका पोरानं मला गाठलं. "तात्या, तुमच्या पिकअपचे ते मोठे टायर कुठं गेले? मला पण तसेच टाकायचेत, बॉडी पण उचलून घ्यायचीय." गाडी खाली करायची घाई होती, नीट बोलता आलं नाही. हे विचारणारा तो एकटाच नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. पैसे माझे गेलेत, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

आधी मूळ दुखणं. डांबरी सडकेपासून माझं रान पाऊण किलोमीटर आत. मधे पाणंद, सगळी काळी माती, आणि निम्म्या वाटेवर ओढा. मे महिन्यात याच पाणंदीनं पाहुण्यांची कार घरापर्यंत येते. मृगाचा एक दणका बसला की दुसऱ्या दिवशी बैलसुद्धा पाय जपून टाकतो. आणि टोमॅटो नेमका तेव्हाच तोडणीला. आज लाल झालेला माल परवापर्यंत थांबत नाही. गाडी भरायची, पन्नास पावलं जायचं, रुतायची, मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवायचा, साखळी लावायची. दोन पावसाळे असेच काढले. शेजारी भला माणूस, पण रोज रात्री नऊला त्याला जेवणावरून उठवायची लाज वाटायला लागली.

पुतण्या मोबाईलवर अमेरिकेतल्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. छातीएवढे टायर, गाडी हवेत, चिखल उडवत निघालीय. म्हणला, "तात्या, मोठे टायर टाकू, बॉडी दोन इंच उचलू, विषय संपला." मी म्हणलं, कर बाबा. चार टायर, रुंद टायरला लागणाऱ्या रुंद रिमा, नायलॉनचे ठोकळे आणि मजुरी मिळून ऐंशी हजाराला फोडणी बसली. गाडी दिसायला मात्र राजबिंडी झाली, खोटं कशाला बोलू.

आता यात नेमकं काय होतं ते ऐका, कारण गॅरेजवाला हे सांगत नाही. बॉडी लिफ्ट म्हणजे केबिन आणि हौदा चॅसीवर जिथं बोल्टांनी बसवलेला असतो, तिथं मधे ठोकळे घालून वर घेणं. उचलली जाते ती नुसती बॉडी. चॅसी जागच्या जागी, आणि मागच्या अॅक्सलच्या मधला तो मोठा गोळा, डिफरन्शियल, तोही जागच्या जागी. पाणंदीत गाडी अडकते ती कशावर? चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर हाच गोळा टेकतो आणि चाकं लोंबकळतात. बॉडी दोन इंच उचला नाहीतर दोन फूट, गोळ्याला एक सूतभर फरक पडत नाही. बॉडी लिफ्टचा खरा उपयोग एवढाच, की मोठा टायर मडगार्डला घासू नये. तरी आमचा पूर्ण वळणावर घासायचाच.

गोळा वर येतो तो फक्त टायरनं, आणि तोही निम्मा. आमचा कंपनीचा टायर 215/75 आर 15. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, तिच्या 75 टक्के बाजूची उंची, आणि 15 इंची रिम. हिशोब केला तर टायरची पूर्ण उंची होते साधारण 703 मिलिमीटर. आम्ही टाकला 31 इंची, म्हणजे 787. वाढ 84 मिलिमीटर. पण अॅक्सल चाकाच्या मधोमध असतो, त्यामुळं गोळा वर आला 42 मिलिमीटर. ऐंशी हजारात पावणेदोन इंचसुद्धा नाही. आमच्या पाणंदीतली चाकोरी आषाढात फूटभर खोल असते.

बरं, ही उंची फुकट नाही. चाक 12 टक्के मोठं झालं, इंजिन आणि गिअर तेच राहिले. त्यामुळं जमिनीला लागणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये साधारण दहा टक्क्यांनी कमी झाली. रिकाम्या गाडीत कळत नाही. सत्तर कॅरेट भरून ओढ्याचा चढ पहिल्या गिअरमध्ये घेताना कळतं, क्लचचा वास आल्यावर. ब्रेकचंही तेच, मोठं चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. आणि मीटर खोटं बोलायला लागतं. काटा 60 दाखवत होता तेव्हा गाडी खरी 67 नं पळत होती. पुतण्या म्हणायचा अॅव्हरेज पडलंय. काही पडलं होतं, काही किलोमीटरच कमी मोजले जात होते, त्याचा ताळमेळ मला शेवटपर्यंत लागला नाही.

"पण तात्या, रुंद टायर चिखलात बुडत नाही ना?" हा प्रश्न बरोबर आहे, आणि कृषी खात्यातल्या वाचकांनी पण इथं लक्ष द्यावं, कारण हा मातीचाही प्रश्न आहे. टायर जमिनीवर किती दाब देतो हे मोठ्या मानानं त्यातल्या हवेवर ठरतं, रुंदीवर कमी. भरलेली गाडी 2800 किलो धरा, हवा 50 पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण साडेतीन किलो. भागाकार करा. चारही टायर मिळून जमिनीला टेकतात 800 चौरस सेंटीमीटर. एका टायरच्या वाट्याला 14 बाय 14 सेंटीमीटर, भाकरीपेक्षा लहान जागा. टायर रुंद घेतला आणि हवा तीच ठेवली तर टेकणारी जागा आडवी पसरते, लांबीला कमी होते, बेरीज जवळपास तीच. रुंद टायरचा फायदा हवा उतरवली तरच मिळतो. त्या व्हिडिओतली माणसं चिखलात शिरायच्या आधी हवा उतरवतात, आणि त्यांच्या गाडीत एक तंबू आणि दोन खुर्च्या असतात. आपल्या गाडीत दीड टन टोमॅटो. माल भरून 20 पीएसआयवर चालवली तर टायरच्या बाजू दुमडतात आणि सडकेला लागल्यावर तापून फुटतात.

ट्रॅक्टर त्याच चिखलातून का निघतो? त्याच्या मागच्या टायरात हवा 12 ते 16 पीएसआय असते, आणि खाचा खोल. चौरस सेंटीमीटरला किलोभरच दाब. आपली पिकअप त्याच्या तिप्पट-चौपट दाबानं माती दाबत जाते. म्हणून भरलेली पिकअप ओल्या रानात घालूच नका, टायर कुठलाही असो. काळी माती ओली असताना एकदा दाबली की पहिल्याच फेरीत सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि खालचा थर पुढं नांगरालाही दाद देत नाही. माझ्या वरच्या तुकड्यात दोन वर्षांपूर्वी जिथून गाडी नेली, तिथं हरभरा अजून वीतभर ठेंगणा दिसतो. मी आता माल ट्रॉलीनं सडकेला आणतो आणि तिथं पिकअप भरतो. दोनदा हाताळणी होते, मजुरी जाते, कुरकुर करत का होईना करतो.

अजून एक. चिखलात मागचं एक चाक गरागरा फिरतं आणि दुसरं गप्प उभं राहतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. डिफरन्शियल जोर तिकडंच देतो जिकडं विरोध कमी. मोठा टायर टाकला म्हणून ही सवय सुटत नाही. फक्त आता जे चाक फिरतं ते जास्त खोल खड्डा करतं.

खरा धडा मिळाला तो आर्द्रात. टायर आणि ठोकळे मिळून हौद्याची फळी 93 मिलिमीटरनं वर गेली होती, साडेतीन इंचांच्याही वर. वाचायला किरकोळ वाटतं. वीस किलोचं कॅरेट डोक्यावरून हौद्यात टाकणाऱ्या बाईला विचारा. पहिल्याच दिवशी त्यातली वयानं मोठी बाई म्हणाली, "तात्या, गाडीची उंची वाढली, आमची नाय वाढली." मी हसण्यावारी नेलं. चौथ्या दिवशी तिचा खांदा धरला आणि ती आठ दिवस घरी बसली. माझ्या शौकापायी तिचा रोज बुडाला. तो मी भरून दिला, पण खांदा काही भरून देता आला नाही.

आणि त्याच आठवड्यात गाडी कलली. ओढ्याच्या उतारावर पाणंद डावीकडं तिरकी आहे. आधी शंभर वेळा तिथून गेलोय. त्या दिवशी कॅरेटचे तीन थर होते, माल सगळा वर, गाडी वर. डावं चाक चाकोरीत उतरलं आणि उजवीकडची दोन्ही चाकं सुटली. बाभळीला टेकून थांबली म्हणून वाचलो. केबिनमध्ये मी आणि पुतण्या, आणि मागं मालावर दोन पोरं बसलेली. त्यांनी उजवीकडं उडी मारली. डावीकडं मारली असती तर आज हे लिहायला मी बसलोच नसतो. अडतीस कॅरेट ओढ्यात गेले, त्याचं काही नाही. मालावर माणसं बसवायची नसतात हे मला त्या आधीही माहीत होतं, तरी बसवली होती. ती चूक टायरची नव्हती, माझी होती.

स्टेपनीची गोष्ट राहिली. चार टायर मोठे घेतले, पाचवा घ्यायला पैसे उरले नाहीत. पहाटे तीनला मार्केटच्या वाटेवर मागचा टायर बसला आणि जुनी लहान स्टेपनी लावली. मागच्या दोन चाकांत 84 मिलिमीटरचा फरक असला की डिफरन्शियलमधले आतले दाते सरळ रस्त्यावरही सारखे फिरत राहतात. वीस किलोमीटर हळूहळू नेली, पण तेव्हापासून मागून येणारा घूंघूं आवाज अजून गेलेला नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीच्या मूळ मापात बसत नाही असा बदल गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये तेच धरून ठेवलं. मालवाहू गाडीला फिटनेस लागतं. मग लोक त्या दिवसापुरते जुने टायर लावून नेतात, मीही तेच ठरवलं होतं. पण अपघात फिटनेसच्या दिवशी होत नाही, आणि विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो तेव्हा टायर बदलायला वेळ नसतो.

टायर बदलायचेच असतील तर आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीनं कुठलं माप दिलंय ते बघा. तेवढ्यापर्यंत जायचं असेल तर आरटीओत विचारून जा. किंवा माप तेच ठेवून खोल खाचांचा टायर घ्या, मी तोच घेतलाय. बाजूवरचा भार-अंक वाचा: 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 109 म्हणजे 1030. रुंद दिसतो म्हणून जास्त पेलतो असं नसतं. ज्याची गाडी रिकामी फिरते, डोंगरात फिरायची हौस आहे, त्यानं काय करावं हे मी सांगणार नाही. मी माल वाहणाऱ्या गाडीबद्दल बोलतोय.

आता पाणंदीचं. ठोकळे काढले त्याच रविवारी आम्ही नऊ खातेदार देवळात बसलो. नऊ जणांनी काढलेली वर्गणी माझ्या टायरच्या खर्चाच्या दुप्पटसुद्धा झाली नाही. गाव नकाशावर पाणंद तुटक रेषांनी दाखवलेली आहे, ती तलाठ्याकडून काढून घेतली. एकानं बांध सरकवून वाट अडवली होती. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं अर्ज केला. ज्यांच्या रानाला नकाशावर वाटच नाही, त्यांच्यासाठी जमीन महसूल अधिनियमाचं कलम 143 आहे, बांधावरून वाट मागता येते. आमच्या अर्जावर स्थळ पाहणी झाली आणि त्या गड्यानं निकालाआधीच बांध मागं घेतला. मातोश्री पाणंद योजनेत ग्रामपंचायतीनं ठराव दिलाय, नंबर कधी लागेल तेव्हा लागेल. आम्ही थांबलो नाही.

काम करताना एक गोष्ट आमच्याकडून आधी चुकली. मुरूम टाकायची घाई केली आणि बाजूचे चर नंतर म्हणून ठेवले. पहिल्या पावसात निम्मा मुरूम काळ्या मातीनं गिळला. मग जेसीबी परत आणला, दोन्ही बाजूंनी चर काढले, मधला भाग वर घेऊन दोन्हीकडं उतार दिला, ओढ्यावर दोन पाइप टाकून मोरी केली आणि मग मुरूम दाबला. पाणी निघून जायला लागलं तशी वाट टिकली. यंदाच्या आर्द्रात जुन्याच मापाच्या टायरवर पिकअप ओढ्यापर्यंत साठ कॅरेट घेऊन गेली आणि आली.

ओढ्यापलीकडचे तीनशे मीटर अजून राहिलेत. तिथं दोघा भावांचं वाटपाचं भांडण आहे आणि दोघंही म्हणतात आधी त्याच्या बाजूचा चर काढा. पुतण्या म्हणतो, तेवढ्यासाठी तरी टायर ठेवायला हवे होते. ते टायर गोठ्याच्या मागं पडलेत, गिऱ्हाईक येतं, भाव ऐकतं आणि जातं. मी दिवाळीनंतर थोरल्या भावाकडं परत जाणार आहे, या वेळी त्याच्या सासऱ्यांना घेऊन.