आमदार की निधीवाटप अधिकारी?

आमदारांचा ‘कार्यवृत्तांत’ हा आता एक स्वतंत्र साहित्यप्रकारच होऊन बसला आहे. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेली छबी आणि आत पानोपानी तक्ते. अमुक गावी सभामंडप, तमुक गावी पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीला शेड, चौकात हायमास्ट दिवा. प्रत्येकापुढे लाखांचा आकडा आणि अखेरीस कोटींची बेरीज. या पुस्तिकेत वाचकाने एक गोष्ट शोधून पाहावी. पाच वर्षांत या गृहस्थांनी सभागृहात कोणते प्रश्न विचारले, कोणत्या मागणीवर कपात सूचना दिली, कोणत्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली, यासंबंधी तीत बहुधा चकार शब्द नसतो. ज्या कामासाठी मतदारांनी त्यांना मुंबईस धाडले ते काम वृत्तांतात नाही, आणि जे काम सरपंचाचे ते मात्र ओसंडून वाहते आहे.

या विकृतीचे मूळ व्यक्तींच्या स्वभावात शोधण्याची आमच्या काही मित्रांना सवय आहे. ‘पूर्वीचे लोक त्यागी होते, आताचे लोभी आहेत’ असे म्हटले की विषय संपतो आणि कोणालाच काही करावे लागत नाही. वस्तुतः मूळ व्यवस्थेत आहे, आणि त्या व्यवस्थेचे नाव आहे आमदार स्थानिक विकास निधी. डिसेंबर १९९३ मध्ये केंद्राने खासदारांसाठी असा निधी सुरू केला. राज्यात आमदारांसाठीही तीच तऱ्हा आहे. २०२२ साली महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराचा वार्षिक निधी चार कोटींवरून पाच कोटींवर नेण्यात आला. या वाढीला सत्ताधाऱ्यांनी बाके वाजवली हे स्वाभाविकच. पण विरोधकांनाही ती नकोशी झाली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

थोडे अंकगणित करू. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ अशी ३६६ सदस्यांची मंजूर संख्या धरली, तर हा निधी वर्षाला १,८३० कोटी रुपये होतो. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील एकूण खर्च होता सुमारे सात लाख कोटी. म्हणजे राज्य हजार रुपये खर्च करते तेव्हा त्यातले दोन रुपये साठ पैसे आमदारांच्या शिफारशीने खर्च होतात. उरलेले नऊशे सत्त्याण्णव रुपये चाळीस पैसे कशावर, कोणासाठी आणि कोणाच्या सोयीने खर्च होतात, हे विचारण्यासाठी विधिमंडळ आहे. आमदाराच्या हाती अडीच रुपयांची थैली दिली आणि तो बाकीच्या रकमेविषयी गप्प बसला. इतका स्वस्त सौदा कोणत्याही मंत्रिमंडळाला आजवर साधला नसेल!

हे गप्प बसणे किती महाग पडते तेही पाहावे. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारने सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या. साऱ्या आमदारांच्या वर्षभराच्या निधीच्या पन्नासपट रक्कम, तीही मूळ अंदाजपत्रकाबाहेर. पुरवणी मागणी हा अपवाद असावा, अनपेक्षित खर्चापुरता असावा, हे सार्वजनिक आयव्ययाच्या पहिल्या धड्यात शिकवतात. अंदाजपत्रकाचा असा फडशा पडत असताना सभागृह पेटून उठायला हवे होते. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे हिवाळी अधिवेशन सहा दिवसांत उरकण्यात आले. विदर्भाचे प्रश्न सहा दिवसांत मावतात, अशी सरकारची समजूत असावी.

याउलट लोकांसाठी काम करणे म्हणजे काय, याचा वस्तुपाठ याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने घालून दिला आहे. वि. स. पागे हे काँग्रेसचे, म्हणजे आपल्या विरोधी गोटातले. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे त्यांनी १९६५ च्या सुमारास एक प्रयोग करून पाहिला: हाताला काम मागणाऱ्याला गावाजवळ काम द्यायचे, आणि ते शेतीची उत्पादकता वाढवणारे असले पाहिजे. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना संघटित करून मोर्चे काढले ते समाजवादी, शेतकरी कामगार, लाल निशाण आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी. मोर्च्याने मागणी पुढे रेटली, सभागृहाने तिला कायद्याचे रूप दिले. १९७५ साली शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला आणि त्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. १९७७ साली रोजगार हमी कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची ओळ असते. ती कोणाच्या भुकेपायी तेथे आली, हे ती रक्कम कापून घेणाऱ्या कारकुनालाही ठाऊक नसते.

या कायद्याचे मर्म पैशात नव्हते. पैसे तर दुष्काळी कामांवर आधीही खर्च होत होते. पण तगाई असो वा दुष्काळी काम, ते सरकारच्या मर्जीवर चाले. कलेक्टरला वाटले तर काम निघे, वाटले नाही तर बंद पडे. कायद्याने हे नाते उलटे केले. काम मागणारी बाई अर्जदार राहिली नाही, ती हक्कदार झाली. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन सरकारवर आले. तो भत्ता नाममात्र होता आणि अंमलबजावणीत हजेरीपटाचे घोटाळे, मजुरी थकवणे, कामे मुद्दाम लांब काढणे हे सारे झाले. परंतु हक्क नाकारला गेल्यास भांडता येते; कृपा नाकारली गेल्यास केवळ याचना करता येते. २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव उभा होता. पागे यांनी आपल्या नावाची पाटी लावून विसापुरात चार बंधारे बांधले असते, तर फार तर विसापूरकरांनी त्यांचा सत्कार केला असता.

दुसरे उदाहरण सांगोल्याचे. गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम निवडून आले आणि २०१९ मध्ये स्वतःहून थांबले, तोवर त्यांनी अकरा वेळा विधानसभा गाठली होती. १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले, हेही सांगितले पाहिजे. पक्ष न बदलता हरण्याची तयारी ही आज दुर्मीळ वस्तू आहे. त्यांची एस.टी.तली प्रवासाची गोष्ट सर्वांना पाठ असते. आमच्या मते त्या गोष्टीने त्यांच्यावर अन्यायच केला आहे. साधेपणा हा गुण खरा, पण माणूस साधा होता एवढेच लक्षात ठेवले की तो कशासाठी झगडला हे विसरणे सोपे जाते.

सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका. कृष्णेचे पाणी खाली वाहते आणि आटपाडी, सांगोला, जत, कवठेमहांकाळ हे तालुके उंचावर कोरडे. ते पाणी उपसूनच आणावे लागणार, आणि उपसा परवडत नाही असे सरकारी हिशेब सांगणार. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, एन. डी. पाटील, भारत पाटणकर अशी माणसे त्यांत होती. मागणी केवळ ‘आमच्या तालुक्याला पाणी द्या’ एवढीच नव्हती. पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, प्रत्येक कुटुंबाला, ज्याला जमीन नाही त्यालाही, पाण्याचा वाटा असावा, अशी ती होती. रस्त्यावर दुष्काळी तालुक्यांची परिषद आणि सभागृहात वर्षानुवर्षे तोच प्रश्न, अशा दोन्ही अंगांनी टेंभू-म्हैसाळसारख्या उपसा योजना पुढे ढकलाव्या लागल्या. त्याला दशके लागली. या काळात एक पिढी ऊसतोडीला आणि मुंबईला गेली, हे विसरून चालणार नाही. समन्यायी वाटपाची मागणी तर अजून बव्हंशी कागदावरच आहे. पण हिशेब करून पाहा. टेंभूचा मूळ अंदाजच हजार कोटींच्या पुढचा होता. वर्षाला पाच कोटींच्या निधीतून ती योजना करायची म्हटली तर दोनशे वर्षांहून अधिक काळ लागता. खर्चाची वाढ वेगळीच!

मृणाल गोरे यांच्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण गोरेगावच्या पाण्याचा लढा या वाचकांना नवा नाही. १९८६ साली त्यांनी गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध अशासकीय विधेयक मांडले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने तसा कायदा केला, देशात पहिल्यांदा. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडले. आमदार निधीतून रुग्णालयाला सोनोग्राफीचे यंत्र घेऊन देता येईल, त्यावर नावही कोरता येईल. पण त्या यंत्राच्या दुरुपयोगाला आळा घालणारा कायदा निधीतून विकत घेता येत नाही.

आता आक्षेप. कोणी म्हणेल, सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली खासदार निधी वैध ठरवला आहे. खरे आहे. पण एखादी गोष्ट घटनाबाह्य नाही म्हणून ती शहाणपणाची होत नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये खासदार व आमदार निधी रद्दच करावेत अशी शिफारस केली होती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांचा आहे: ‘सर, तत्त्व ठीक आहे, पण वस्तीवरच्या चिखलातून पोरांना शाळेत जावे लागते. लोक आमदाराकडे रस्ताच मागतात. त्यांना कपात सूचनेची कहाणी सांगायची काय?’

रस्ता झालाच पाहिजे. प्रश्न आहे तो कोणी करावा हा. १ मे १९६२ रोजी या राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्या नेमक्या याच कामासाठी, आणि १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान दिले. वस्तीचा रस्ता ग्रामसभेने ठरवावा, पंचायतीने करावा आणि नाही केला तर पुढच्या ग्रामसभेत सरपंचाला धारेवर धरावे. पण २०२२ मध्ये मुदत संपलेल्या जिल्हा परिषदांवर राज्याने तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसवून ठेवले. निवडून आलेला सदस्य नाही, सभा नाही, ठराव नाही. त्या काळात जिल्ह्यात पैसा मागायला एकच दार उरले: आमदाराचे. या गळचेपीविरुद्ध किती आमदारांनी सभागृह दणाणून सोडले? आपलेच दार मोठे होत असताना दुसऱ्याचे दार बंद केल्याची तक्रार कोण करील!

निधीची कार्यपद्धतीही पाहा. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी मंजुरी देतो, ठेकेदार काम उरकतो. म्हणजे ज्या जिल्हाधिकाऱ्याच्या कारभाराची झाडाझडती आमदाराने घ्यायची, त्याच्याच मंजुरीसाठी आमदाराचा स्वीय सहायक खेटे घालतो. काम निकृष्ट निघाले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि निवडणुकीचा विचार केला, तर विद्यमान आमदाराला पाच वर्षांत सरकारी खर्चाने पंचवीस कोटींच्या पाट्या लावता येतात. त्याच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या आपल्या फाटक्या उमेदवाराजवळ काय असते? छोट्या, विचारावर चालणाऱ्या पक्षांना या निधीने जेवढे मारले तेवढे दडपशाहीनेही मारले नसेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आपल्या पक्षाने व मित्रपक्षांनी हा निधी रद्द करण्याची मागणी जाहीरनाम्यात घालावी आणि ही रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात थेट ग्रामपंचायती व नगरपालिकांना द्यावी, असे सांगावे. तोवर डाव्या, समाजवादी आमदारांनी निधीतील प्रत्येक काम ग्रामसभेच्या वा वॉर्डसभेच्या ठरावानेच सुचवावे आणि कोनशिलेवर स्वतःचे नाव घालू देऊ नये. कार्यकर्त्यांनी प्रत्येक अधिवेशनानंतर आपल्या भागातील आमदाराच्या प्रश्नांची, लक्षवेधी सूचनांची आणि कपात सूचनांची यादी विधिमंडळाच्या कामकाजातून उतरवून घ्यावी आणि तालुक्याच्या बाजारात वाचून दाखवावी. यादी कोरी असली तर कोरा कागद वाचून दाखवावा. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापासून हे काम निदान दहा तालुक्यांत सुरू व्हावे, आणि कोणी कोणता तालुका घ्यायचा ते जिल्हा समित्यांनी या महिन्यातच ठरवावे.