लाइव्ह म्हणजे लाइव्ह!

हेडफोनवर जॅझ खूप ऐकलंत, पण बँड समोर वाजताना नाही? मग अर्धीच मजा घेतलीत! जुलै १९५६, अमेरिकेतला न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल. मध्यरात्र होत आलेली, काहीजण घरी निघालेले. तेवढ्यात ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला पॉल गोन्सालविस सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवत सुटला. एक बाई उठून नाचायला लागली, मग पब्लिक उठलं, ते बघून बँडलाही चेव चढला. गंमत म्हणजे पठ्ठ्या वाजवत होता भलत्याच माइकमध्ये! रेकॉर्डवर त्याचा आवाज लांबून आल्यासारखा. नीट ऐकू आला तो थेट १९९९च्या सीडीवर. समोरच्यांना मात्र त्याच रात्री सगळं मिळालं होतं. तेव्हा या वीकेंडला कुठे बँड वाजणार असेल, तर पुढची खुर्ची पकडा. तिच्यावर बसून राहाल, याची मात्र गॅरंटी नाही!