मत स्वतःच्या तिकिटाचे!

फराळाच्या ताटाभोवती चित्रपटांवर निकाल देणाऱ्यांची आपल्याकडे ददात नाही. चिवड्याचा बकाणा भरावा तितक्या सहज मत बाहेर पडते : 'संथ आहे हो!' पाहिलात का, असे विचारावे तर उत्तर येते, 'छे! मेहुणे सांगत होते.' तोच दुसरा विचारतो, 'किती कोटी कमावले?' जणू मुलीसाठी स्थळ पाहताना पगार विचारतो आहे!

माझी याला सक्त हरकत आहे. व्हेनिसला २०१४ साली दोन पारितोषिके मिळवून चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१५ साली आपल्याकडे लागला. एका लोकशाहिरावरील खटल्याची ती कथा. तोही म्हणे संथ! अहो, तारखांवर तारखा पडणारा खटला काय धावत सुटेल? त्यातली सरकारी वकील बाई घरी येऊन चारचौघींसारखा स्वयंपाक करते. आणि तीच बाई कोर्टात त्या वृद्ध शाहिराच्या जामिनाला विरोध करते. हे पाहून तुम्हांला काय वाटले, ते सांगा! ज्या मताला असा एक प्रसंगही जोडता येत नाही, ते मत नव्हे, ती अफवा.

आणि ती निरुपद्रवी नाही. लहान मराठी चित्रपटापाशी जाहिरातीला पैसा नसतो. तुमची-आमची जीभ हीच त्याची जाहिरात. पहिल्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहिल्या की खेळ उतरतात. मग 'मराठी चित्रपट लागतच नाहीत' म्हणून गळा काढायला आपणच पुढे!

तेव्हा मंडळी, करंजी शेजारच्या घरची खुशाल चाखा. मत मात्र स्वतःच्या तिकिटाचेच द्या!