चावी फिरवली... पुढे काय?

आठवडाभर टार्गेट, डेडलाइन आणि बॉसचे मेल. रविवारी जरा उशिरा उठावं म्हटलं, तर सकाळी सातला वर्ध्याहून फोन. ‘अरे, पिकअप सुरूच नाही होऊन राहिली!’ तुमच्यापैकी कितीतरी जणांचं घर अजून सेलू, देवळी, आर्वी नाहीतर हिंगणघाटच्या बाजूला आहे. अंगणात पंधरा वर्षं जुनी पिकअप आहे, गाडीत भाजी भरलेली आहे आणि बाजार काही कोणासाठी थांबत नाही. तुम्ही पडलात घरातले ‘इंजिनीअर’! भले तुम्ही सॉफ्टवेअरवाले असाल, घरच्यांना काय त्याचं?

मग काय होतं? वायरिंगवाला येतो. आधी बॅटरी बदलतो, मग सेल्फ, मग अल्टरनेटर. हजारो रुपये जातात आणि शेवटी दोष निघतो एका गंजलेल्या अर्थच्या पट्टीत. म्हणून आजचा फंडा एकच : पार्ट बदलण्याआधी मोजा. त्यासाठी लागतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि थोडा पेशन्स. सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर आणि हातातली अंगठी, कडं खिशात.

आधी कान द्या

चावी फिरवल्यावर गाडी काय म्हणते, ते ऐका. काहीच आवाज नाही? बॅटरीची टर्मिनल, फ्यूज किंवा चावीचा स्विच. टकटकटकटक? बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जोरदार ‘टक’ आणि मग शांतता? सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड अडकलाय, नाहीतर करंट पूर्ण पोचत नाहीये. आणि सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही? मग बॅटरीला दोष देऊ नका. मामला इंधनाचा किंवा ठिणगीचा आहे.

हा ‘सेल्फ’ म्हणजे सेल्फ स्टार्टर. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, त्याआधी हँडल मारावं लागायचं. तेव्हापासून सगळा भार बॅटरीवर!

आता आकडे

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. तो साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी दमली आहे किंवा सेल्फ जाम होऊन फार करंट ओढतोय. पण आकडा १२ वरच राहिला आणि सेल्फ हललाच नाही, तर बॅटरी निर्दोष! करंट वाटेत कुठेतरी अडकलाय.

ही वाट बहुतेक वेळा अर्थची असते. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की समजा, इंजिन आणि बॅटरीमधली पट्टी किंवा तिचे नट गंजलेत. घासून चकचकीत करा, घट्ट बसवा. आणखी एक मजेशीर खूण : इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच तालात लुकलुकतो. पार्टी नाही चाललेली, त्या दिव्याचा अर्थ गेलाय.

गाडी सुरू झाली की बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. तेवढे आले नाहीत तर बेल्ट ढिला आहे किंवा अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी शिजवून मारेल. आणि हो, इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, ही आपल्याकडची लाडकी ‘टेस्ट’ कुणालाही करू देऊ नका. त्या झटक्यात चांगला अल्टरनेटरही जातो.

प्लग शोधताय? डिझेल आहे, बॉस!

‘इग्निशन गेलं’ असं सरसकट म्हटलं जातं. पण टाटाची २०७ असो की महिंद्राची बोलेरो पिकअप, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पिकअप डिझेलच्या. रुडॉल्फ डिझेलने १८९३ मध्ये ज्या इंजिनाचं पेटंट मिळवलं, त्यात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल पेटवते. तिथे स्पार्क प्लग शोधणं म्हणजे जेवणाच्या ताटात रिमोट शोधणं.

सेल्फ फिरतोय पण डिझेल इंजिन पकडत नाही, तर आधी टाकी आणि फिल्टर बघा. मग पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड. चावी ऑन केली की त्यातून बारीक ‘टिक’ यायला हवं. वायर निसटली की डिझेल बंद. फार जुन्या गाड्यांत याऐवजी ओढायची दांडी असते, ती अर्धवट ओढलेली नाही ना, तेही बघा. ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात, त्यांचा रोध साधारण एक ओमच्या आसपास येतो. मीटरवर काहीच आलं नाही तर प्लग जळालाय.

घरी जुनी पेट्रोल जीप असेल तर मात्र ठिणगीचं राज्य. पॉइंटचं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, निळी कडकडीत ठिणगी चांगली, पिवळी मरतुकडी वाईट. गाडी थंड असताना छान चालते, गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते? कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्या. रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिन लांबून बघा. हाय टेन्शनच्या वायरवर काजवे चमकले की वायर फुटली आहे.

वर्ध्याचं कॅलेंडर

आपल्या भागात दोषालाही सीझन असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बॅटरीचं पाणी उडतं, आतल्या प्लेट झिजतात. तेव्हा गाडी कशीबशी चालते. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये हिरवी बुरशी धरते. आणि जानेवारीच्या गारठ्यात एक दिवस सेल्फ कण्हतो, हीटर प्लगचं बिंग फुटतं. आपण म्हणतो, ‘थंडीने बॅटरी गेली.’ खरं तर ती उन्हाळ्यातच गेलेली असते! म्हणून मार्चमध्येच डिस्टिल्ड पाणी भरा. ‘आरओचं आहे ना’ चालणार नाही. टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा.

ही चूक महागात पडते

पिकअप आली की तिला हौस येते. मोठा हॉर्न, टेप, निळी लाइट, देवाच्या फोटोभोवती माळ. प्रत्येक जण एक वायर पिळतो, वर टेप गुंडाळतो. एवढ्या ‘हौशी’ रात्री करंट पितात. ते पकडायचं असेल तर सगळं बंद करा, निगेटिव्ह वायर काढा आणि मध्ये मीटर दहा अँपिअरच्या खोबणीत लावा. या वेळी चावीला हात लावायचा नाही. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडला, तोच चोर.

आणि फ्यूज उडतोय म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद? कधीच नाही. दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, पुन्हा उडाला तर कारण शोधा. फ्यूज आपण मरतो तो वायर वाचवण्यासाठी. त्याच्या जागी तार आली की मरते ती वायर. तिच्या शेजारी डिझेलची नळी असते, मागे कापसाचे गठ्ठे असतात आणि स्टिअरिंगवर आपलाच कुणीतरी बसलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाताना चिवड्याच्या पाकिटाशेजारी एक मल्टिमीटर ठेवा. बाबांना सांगा, वायरिंगवाला आला की त्याला पहिला प्रश्न विचारायचा : ‘भाऊ, किती व्होल्ट आले?’ उत्तर आकड्यात आलं, तर माणूस कामाचा!