किरणोपचाराची तजवीज

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील ज्या 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत भंडाऱ्याचा समावेश असल्यामुळे, जिल्ह्याच्या मागण्यांच्या फेरिस्तीत आता किरणोपचाराचे यंत्रही अग्रभागी येणार, हे ओघानेच आले. मागणी रास्त आहे. बिडी वळून ज्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांनी पोट भरले आणि जेथे बंदीला न जुमानता पानठेल्यांवर खर्रा राजरोस घोटला जातो, तेथे मुखाच्या कर्करोगाचे कोणाला नवल वाटत नाही. हा उपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे अखंड घ्यावा लागतो. यंत्राखालचा वेळ काही मिनिटांचाच, परंतु त्यासाठी लाखांदूरच्या मजुराला नागपूर गाठावे लागते, आणि रोजगार बुडतो म्हणून त्याने मध्येच खंड पाडला की रोगाला पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो.

तरीही हे यंत्र आजच भंडाऱ्यात आणावे, असे आम्ही म्हणणार नाही. कोबाल्टच्या किरणस्रोताचे बळ सुमारे सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते, म्हणजे तीच मात्रा देण्यास दुप्पट वेळ लागतो व रांग तितकीच लांबते. ही गोष्ट खरेदीच्या दिवशीच ठाऊक असते, म्हणून नव्या स्रोताची तरतूदही त्याच दिवशी मंजूर झाली पाहिजे. निकामी स्रोताचा बंदोबस्त हा तर त्याहून गंभीर मामला. दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्टचे उपकरण 2010 साली लिलावात काढले, ते मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचले आणि एका कामगाराचा प्राण गेला. तेथे विज्ञान चुकले नव्हते. दप्तर चुकले होते.

आणि दप्तराच्या हेळसांडीविषयी या शहराला बाहेरचे दाखले कशाला हवेत? 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षास आग लागून 10 अर्भके दगावली. त्यानंतर येथे येणाऱ्या प्रत्येक विद्युत उपकरणाबरोबर त्याच्या देखभालीचा करार आणि जबाबदार अंमलदाराचे नाव मागण्याचा हक्क भंडारेकरांना आहे.

प्रथम क्ष-किरण व सिटी स्कॅन विभाग रात्रंदिवस चालवून दाखवावा: अहवाल लिहिणारा क्ष-किरणतज्ज्ञ, तंत्रज्ञांच्या छातीवर किरणमात्रा मोजणारा बिल्ला आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचा चालू परवाना यांसह. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ व किरणसुरक्षा अधिकारी यांची पदे मंजूर होऊन भरली जाईपर्यंत किरणोपचाराच्या जाड भिंतींवर पैसा ओतू नये. तोवर नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयासारख्या संस्थांशी लेखी करार करून, रुग्ण व सोबत्यास तेथे मुक्कामाची सोय द्यावी. आणि ज्यांना घर सोडून राहणे शक्य नाही, अशा भंडारा-मोहाडीकडच्या रुग्णांस उपचाराची वेळ एसटीचे वेळापत्रक पाहून मिळावी. ही व्यवस्था जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीतही मंजूर होऊ शकते.