आधी खूर, मग नाल

"सर, कुठंच चेन मिळंना!" माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. मला वाटलं सायकलची. नाही, बर्फाची. आता देवणीत बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी. तिला चेन कशाला लागते?

पोरानं थार घेतली आहे. कंपनीनं २४५/७५ आर १६ मापाचे टायर दिले होते. ते काढून त्यानं २८५/७५ आर १६ चढवले, कारण रीलमध्ये गाडी तशीच दिसते. आता जानेवारीत बायको, दोन लेकरं आणि अम्मीला घेऊन गुलमर्गला जायचं म्हणतो. जानेवारी म्हणजे काश्मीरचा चिल्ला-ए-कलान, २१ डिसेंबरला सुरू होणारे कडाक्याचे ४० दिवस. टंगमर्ग ते गुलमर्ग हा साधारण १३ किलोमीटरचा घाट आहे. बर्फ पडला की तिथले पोलीस फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच वर सोडतात.

"मग तुझी फोर बाय फोरच आहे की," मी म्हणालो. पण खरी गफलत इथंच होते. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चढते, हे खरं. उतरताना मात्र ब्रेक लागतो, आणि ब्रेक तर साध्या अल्टोच्याही चारही चाकांना असतो. बर्फाच्या काचेवर थार काय नि अल्टो काय! टायर रुंद असला की वजन पसरतं. वाळूत, मऊ चिखलात ते कामाला येतं, पण गोठलेल्या रस्त्यावर उलट पकड कमी होऊ शकते. म्हणजे चेन हवीच, आणि ती मापाचीच हवी.

गणित माझा विषय नाही, मी उर्दू आणि मराठी शिकवतो. तरी टायरवरचे आकडे वाचता येतात. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. शेवटचा आकडा रिमचा, इंचात. हिशेब केला तर जुन्या टायरचा व्यास ७७४ मिलिमीटर येतो, नव्याचा ८३४. घेरात जवळपास १९ सेंटिमीटरचा फरक. जुन्या मापाची चेन वीतभर तोकडी पडणार. आणि दुकानदार म्हणतो, "सगळ्यांना बसते."

समजा, मोठी चेन शोधून मिळाली. ती फिरायला जागा कुठं आहे? टायर आधीच आत सस्पेन्शनच्या आणि बाहेर पत्र्याच्या जवळ आलेला. त्यावर लोखंडाची कडी चढली की ती घासणार. सैल चेनचा तुटका तुकडा फटकारे मारत ब्रेकच्या नळीवर बसला तर घाटात काय होईल, हे सांगायला नको.

आमच्याकडं बाजाराच्या दिवशी नालबंद बसायचे. आपल्यात कित्येकांचं आडनावच नालबंद आहे. नाल हा शब्द मूळ अरबी, अर्थ जोडा, पादत्राण. देवणी बैल आडवा पाडून, पाय बांधून, आधी खूर तासायचे, मग माप बघून पत्री ठोकायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. कुणी नालबंदाकडं येऊन "पत्री मिळंना, बैलाचा खूर मोठा करून आणलाय" असं म्हणाला असता तर अख्खा बाजार हसला असता.

चेनची गोष्टही तशीच साधी आहे. चिखलात गाडी रुतू नये म्हणून लोक टायरला दोर, वेली गुंडाळतात हे बघून अमेरिकेतल्या हॅरी वीड यांनी लोखंडी साखळीचं पेटंट १९०४ साली घेतलं. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात फसलेल्या ट्रॅक्टरला लोक काय काय बांधतात, ते आठवा. अडचणीतून निघालेली वस्तू आहे ही, शोभेची नव्हे.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ मापदंडांपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी टायरकडं बोट दाखवील. हे ऐकून पोरगा म्हणाला, "सगळेच बसवतेत सर." हे उत्तर मी वर्गात वीस वर्षं ऐकतोय.

माझं मत मी त्याला सरळ सांगितलं. प्रवासापुरते कंपनीचेच टायर चढव. त्या मापाची चेन घे आणि कोणत्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत बघ. अंगणात दोनदा लावून-काढून बघ, कारण तिथं बोटं गारठतात. चेन लावल्यावर सहसा ताशी ५० किलोमीटरच्या आतच चालवायचं, आणि कोरडं डांबर लागलं की काढायची. हे जमत नसेल तर थार टंगमर्गला उभी कर आणि तिथल्याच टॅक्सीनं वर जा. त्या ड्रायव्हरची रोजी चालेल आणि अम्मीच्या जिवाला घोर राहणार नाही. दोन हजारांहून जास्त किलोमीटर गाडी चालवून गेलेल्या माणसाला शेवटच्या तेरासाठी दुसऱ्याच्या गाडीत बसायला कमीपणा वाटतो, हे मला समजतं. मागं लेकरं बसलेली असताना तो कमीपणा गिळावा.

तो बराच वेळ गप्प होता. जुने टायर विकलेस का, मी विचारलं.

"नाही सर, गोठ्यात पडलेत. एकात अम्मीनं कोंबडी बसवलीय. पिल्लं निघेपर्यंत हात लावू देईना."